कवडसेकाका आणि पेंगणारा मृदंगवाला

पडदा वर जातो तेव्हा रंगमंचावर अजून ऊन आलेलं नाही. सकाळचे दहा वाजून वीस मिनिटं झालीत. मागे जुनं दगडी देऊळ, इतकं कोरलेलं की पाठ टेकायला साधा दगड सापडू नये. खाली हत्तींची रांग, तिच्यावर घोड्यांची, त्यावर केस पिळणाऱ्या, पायातला काटा काढणाऱ्या, पोपटाशी बोलणाऱ्या बायका. सगळ्यांच्या वर कळस, आणि त्याच्याआड आपल्या प्रवेशाची वाट बघत थांबलेला सूर्य. पुढे फरसबंदी अंगण. डाव्या विंगेत चपलांचं लाकडी फडताळ, त्यामागे स्टुलावर काकू. आणि उजव्या विंगेतून, काखेत जुनं वर्तमानपत्र, दोन्ही हातांत आरसा, असा कवडसेकाकांचा प्रवेश.

आरसा भलामोठा, कधीकाळी कपाटाच्या दारात होता. मागे लाकडी फळी, फळीला दोन मुठी. तो समोर धरला की काका फळीमागे गडप होतात. देवळाच्या बाजूनं बघणाऱ्याला खाली दोन पाय आणि वर चार केस, एवढेच काका दिसतात. उभं राहायची जागा ठरलेली. अंगणातल्या एका फरशीवर छिन्नीनं दोन पावलं कोरली आहेत, ती त्यांच्या सासऱ्यांनी, म्हणजे काकूंच्या बाबांनी. त्यांच्यामागून हे काम जावयाकडे आलं. काका काचेवर हा करतात, वर्तमानपत्रानं पुसतात, पुन्हा हा करतात, पुन्हा पुसतात.

"अहो, भोक पडेल घासून," काकू म्हणतात.

"पडू दे. त्यातनं तुला बघेन," काका म्हणतात.

हा संवाद रोजचा. पस्तीस वर्षांत दोघांपैकी एकानंही तो गाळलेला नाही.

साडेदहाला सूर्य कळसाआडून बाहेर येतो आणि ऊन नेमकं त्या फरशीवर पडतं. काका आरसा कलता करतात. उन्हाचा झोत दारातून आत शिरतो, मंडपाच्या जमिनीवर तिरक्या बसवलेल्या दुसऱ्या आरशावर आदळतो आणि तिथून थेट वर छताला जाऊन चिकटतो. आतला काळाकुट्ट अंधार एका जागी फाटतो, आणि त्या फाटक्या जागेत एक हत्ती उभा असतो. बघायला आलेल्यांच्या तोंडून "अरे" निघतं. मग गाईड सुरू होतो. गाईडला सगळे भोंगा म्हणतात, कारण त्याला भोंगा लागत नाही.

"पहिलं वर्तुळ, हत्ती," भोंगा गर्जतो. बाहेर काकांचं मनगट हळूहळू फिरतं, आणि आत एकेक हत्ती उजेडात येऊन जातो. "दुसरं वर्तुळ, नर्तकी." काका आरसा बोटभर उचलतात. "तिसरं, सगळ्यांत आतलं, वादक. वीतभर उंचीचे सोळा वादक. आणि या सोळांच्या मधोमध, एकाच दगडातून कोरलेलं, छतातून खाली लोंबणारं कमळ." काका अर्धी गिरकी घेतात आणि थांबतात. भोंगाही थांबतो. दिवसाकाठी तो गप्प बसतो तो एवढाच. क्षणभर शांतता, आणि मग आतून हसू येतं. मोकळं, पोटातून आलेलं हसू.

फळीमागे काकांचा चेहरा खुलतो. "बघितलंस?" ते काकूंना म्हणतात. "कमळ बघितलं की माणूस असा फुलतो."

काकू म्हणतात, "हो."

आणि इथं प्रेक्षकांना एक गोष्ट सांगायला हवी, जी त्या अंगणात काका सोडून सगळ्यांना ठाऊक होती. उजेड कमळावर पडतच नव्हता. तो हातभर अलीकडे, सोळा वादकांतल्या अकराव्यावर पडत होता. पंधरा जण जीव तोडून वाजवताहेत, आणि अकराव्यानं मृदंग आडवा ठेवून त्यावर हनुवटी टेकली आहे, डोळे मिटलेत, तोंड किंचित उघडं. कुणा शिल्पकारानं कोणत्या सहकाऱ्याचा सूड घेतला होता कोण जाणे. तो अंधारात शेकडो वर्षं निवांत झोपला होता. बावीस वर्षांपूर्वी अंगणाच्या फरश्या उखडून नव्यानं बसवल्या, तेव्हा कामगारांनी पावलांची फरशी अर्ध्या पावलानं सरकवून बसवली, आणि तेव्हापासून रोज सकाळी काका त्याच्या तोंडावर ऊन मारत होते.

काकूंनी पहिल्याच दिवशी हे सांगून पाहिलं होतं. "अहो, फरशी सरकलीय वाटतं."

"बाबांनी कोरलेली पावलं आहेत ती," काका म्हणाले होते. "तुझ्या बाबांची खूण तूच खोटी ठरवतेस?"

काकूंनी तोंड मिटलं. बाबांच्या आणि नवऱ्याच्या मधे पडायचं नाही, हे त्यांनी लग्नाच्या आठवड्यातच ठरवून टाकलं होतं. त्यातून लोक हसायला लागले, भोंग्याला शेवट मिळाला, आणि काकांची समजूत झाली की आपला हात दिवसेंदिवस चांगला होतोय. पूर्वी लोक नुसते "वा" म्हणायचे, आता हसतात. एवढं चांगलं चाललेलं असताना कोण कशाला बोलेल?

तुम्ही म्हणाल, माणूस स्वतः आत जाऊन बघत नाही का? जातो की. पण काका आत गेले की आरसा बाहेर झाकून ठेवलेला, आणि छत काळं. आरसा ते कुणाच्या हातात देत नसत. एकदा भोंग्यानं नुसती मूठ धरली, तर दोन दिवस त्याच्याशी बोलले नाहीत. कुणी फोटो दाखवायला गेलं तर तेही बघत नसत. "फोटोतला उजेड दुसऱ्याचा," म्हणत.

असं सगळं सुरळीत चालू असताना देवळाच्या कमिटीकडून एक कागद आला. मंडपात विजेचे दिवे बसवायचे आहेत. गुरुवारी कार्यालयातून इंजिनियर येऊन पाहणी करतील. आरशाची पद्धत ठेवायची की बंद करायची, ते त्यांच्या अहवालावर ठरेल. बंद झाल्यास संबंधित इसमास गाड्या उभ्या करण्याच्या जागेवर नेमण्यात येईल.

"संबंधित इसम," काकांनी वाचलं आणि कागदाची घडी घातली. "गाड्यांना काय दाखवू? हत्ती?"

पुढचे तीन दिवस त्यांच्या दोन खोल्यांत राहणं म्हणजे तालमीच्या हॉलमध्ये राहणं होतं. सकाळी खिडकीतून ऊन आलं रे आलं की काका स्टीलचं ताट घेऊन मधोमध उभे. ताटातला उजेड छतावर नाचायचा. "पहिलं वर्तुळ," काका पुटपुटायचे, आणि उजेड पंख्याभोवती फिरायचा. "दुसरं वर्तुळ," म्हणजे ट्यूबलाइट. "कमळ," म्हणजे कोपऱ्यातली पाल. तीन दिवस कमळाचा मान मिळाल्यानं ती पालही बिचारी अवघडून गेली.

"अहो, ताट द्या, जेवायचंय."

"दोन मिनिटं. मनगट अडकतंय."

"मनगट नाही अडकत, जीव अडकलाय तुमचा त्यात."

काका ताट खाली ठेवून खिडकीशी जाऊन उभे राहिले. पाठ अशी दिसत होती की काकूंनी पुढची थट्टा गिळून टाकली. काकूंना धास्ती होती ती निराळीच. इंजिनियर म्हणजे मोजमापाचं माणूस. ते आत जाणार, भोंगा "कमळ" म्हणणार, आणि उजेड भलतीकडेच. संबंधित इसमाला साधा नेमही धरता येत नाही, असं लिहिलं म्हणजे? बरं, आधीच सांगावं, तर बावीस वर्षं बायकोनं आपलं हसं होऊ दिलं, हे त्यांना पचायचं कसं?

बुधवारी त्यांनी भोंग्याला फडताळामागे गाठलं.

"मी सांगते त्यांना."

"काकू, पाया पडतो, नका सांगू," भोंगा म्हणाला. कुजबुजायचा प्रयत्न केल्यामुळे ते फक्त अर्ध्याच अंगणाला ऐकू गेलं. "माझा सगळा खेळ त्या झोपाळूवर उभा आहे. कमळावर कोण हसतं?"

"तुला तुझ्या हशाची पडलीय. त्यांची नोकरी जाईल."

"आणि सांगितलंत तर ते स्वतःच सोडतील. तुम्ही त्यांना माझ्यापेक्षा जास्त ओळखता."

ओळखत होत्या, म्हणूनच गप्प राहिल्या.

गुरुवारी इंजिनियर आल्या. बुटक्या, चपळ, खांद्याला पिशवी, हातात टॉर्च. बूट काढताना त्यांनी काकूंना विचारलं, "काकू, बूट सांभाळाल ना? पावसापाण्यातले आहेत, वास येईल."

"इथं सगळ्यांच्याच चपलांना येतो," काकू म्हणाल्या. "नाक म्हणून काही राहिलंच नाहीये मला."

बाई हसल्या. बाई हसतात, एवढी एक गोष्ट काकूंनी मनाशी नोंदवून ठेवली. आधी दहा मिनिटं बाईंनी आत एकटीनं टॉर्च मारून छत तपासलं, वहीत काही लिहिलं आणि बाहेर आल्या. काका खुणेवर तयार. डोक्यावर खास टोपी, आणि सदरा इस्त्रीचा, जो फळीमागे कुणालाच दिसणार नव्हता.

"काका, तुम्ही आत या माझ्याबरोबर," बाई म्हणाल्या.

"मी?"

"दिवे कुठं बसवायचे ते तुम्हीच सांगू शकाल. पस्तीस वर्षं उजेड पाडताय म्हणतात. या उजेडात उभे राहून मला एकेक दाखवा."

काकांनी आरशाकडे पाहिलं, मग बाईंकडे, मग पुन्हा आरशाकडे. लग्नातल्या फोटोत त्यांचा चेहरा असाच आहे.

"मग आरसा कोण धरणार?"

"मी धरते," काकू म्हणाल्या आणि स्टुलावरून उठल्या. आपण हे बोललो, हे त्यांनाही जरा उशिरा कळलं.

"तू? अगं, जड आहे. नेम लागतो. तिसऱ्या वर्तुळाला उजवा खांदा पाडावा लागतो, मग अर्धी गिरकी, मग..."

"रोज बघतेय मी. द्या इकडे."

"मुठी घट्ट धर. पण आवळू नकोस. आणि खुणेवर उभी राहा. खूण सोडायची नाही. बाबांची..."

"ठाऊक आहे कुणाची ते. जा आता, मॅडम थांबल्यात."

काका गेले. दारापर्यंत जाईस्तोवर तीनदा मागे वळले. मुलीची पाठवणी करतानाही माणूस इतका वळत नाही.

काकूंनी आरसा उचलला. फळी समोर आली आणि जग बंद झालं. देऊळ नाही, दार नाही, माणसं नाहीत. नाकासमोर लाकडाची एक गाठ, तिच्याभोवती घामाचे जुने डाग. पस्तीस वर्षं हे एवढंच बघत आलेत हे, काकूंना वाटलं. आणि मी तिकडे बसून म्हणत होते, भोक पडेल.

मग त्यांनी पायाखाली पाहिलं. कोरलेली पावलं. त्यांच्या डावीकडे, अर्ध्या पावलावर, साधा दगड. तिथं उभं राहिलं की उजेड कमळावर. बावीस वर्षांपूर्वी, फरश्या नवीन असताना, त्यांनी हे मनातल्या मनात मोजून ठेवलं होतं. एक पाऊल नाही, अर्धं. तेवढं सरकलं की हे आत कमळ बघतील, मॅडम कमळ बघतील, नेम बरोबर लिहिला जाईल, आणि कुणी कुणाला कधीच काही सांगायची गरज उरणार नाही.

काकू अर्धं पाऊल सरकल्या.

"पहिलं वर्तुळ, हत्ती," आतून भोंगा म्हणाला. आज आवाज जरा चिरकला होता. काकूंनी मनगट फिरवलं. पहिल्यांदा झोत भलतीकडेच भरकटला असावा, कारण आतून काकांचा खाकरा आला. तो खाकरा काकूंना चांगला ओळखीचा होता. त्यांनी मूठ सैल केली. मग जमलं. आतून काका काहीतरी दाखवतील, बोलतील, म्हणून त्यांनी कान टवकारले, पण काकांचा आवाजच येईना. ते काहीच दाखवत नव्हते, हे भोंग्यानं नंतर सांगितलं. मॅडम विचारत होत्या, दिवा इथं हवा का, तिथं हवा का, आणि काका मान वर करून, तोंड उघडं टाकून, हत्तींबरोबर स्वतःभोवती गोल फिरत होते. दुसऱ्या वर्तुळाला त्यांची टोपी पडली. त्यांनी ती उचलली नाही.

"तिसरं, वादक," भोंगा म्हणाला. "आणि मधोमध, कमळ."

काकूंनी खांदा पाडला, अर्धी गिरकी घेतली आणि थांबल्या. आत शांतता. आणखी शांतता. कमळ देखणंच होतं, पाकळीला पाकळी लागलेली, पण कमळाला कोण हसतं? मॅडम म्हणाल्या, "वा." नुसतं वा.

आणि मग काकांचा आवाज आला, थेट, दारातून बाहेर. "अगं, चुकतंय तुझं. कुणी हसलं नाही."

काकूंनी आरसा तसाच कमळावर धरून ठेवला.

"खुणेवर आहेस का? बघ पायाखाली. खुणेवर ये."

"अहो, राहू द्या आता."

"राहू द्या काय? मॅडमनी बघायला नको? खुणेवर ये म्हणतो ना."

आयुष्यात फार कमी वेळा काकूंनी नवऱ्याचं तंतोतंत ऐकलं असेल. आज त्यांनी डोळे मिटले, अर्धं पाऊल उजवीकडे सरकल्या आणि बाबांच्या पावलांवर पाय ठेवून उभ्या राहिल्या.

आधी मॅडम हसल्या. फिसकन, मग आवरेना अशा. भोंग्यानं हसू दाबायला गेलेल्या माणसासारखं नाकातून काहीतरी केलं. आणि त्यानंतर काहीच नाही. फळीमागे काकू नुसत्या उभ्या. त्या मनात मोजत होत्या, एक, दोन, तीन, जसं मूल जिन्यावरून पडल्यावर त्याच्या रडण्याची वाट बघावी तसं. सातपर्यंत आल्या आणि आतून एक आवाज सुरू झाला. गाडी सुरू होताना करते तसा, अडखळत, खरखरत. तो वाढत गेला. काका हसत होते. गुडघ्यांवर हात टेकून, डोळ्यांतून पाणी येईस्तोवर, थांबून, वर बघून, पुन्हा.

मग ते बाहेर आले आणि आरशाची फळी हातानं बाजूला करून काकूंसमोर उभे राहिले.

"किती वर्षं?"

"बावीस."

"आणि तू रोज 'हो' म्हणत होतीस."

"एकदा नाही म्हटलं होतं. तुम्ही बाबांना मधे आणलंत."

काका फडताळाशी गेले आणि काकूंच्या स्टुलावर बसले. "मी समजत होतो, माझा हात सुधारलाय."

"सुधारलाय ना. बावीस वर्षं रोज एकाच जागी नेम लावणं म्हणजे सोपं आहे का? मी आज चुकलेच की नाही पहिल्या हत्तीला?"

"हो, घसरलीस तिथं," काका म्हणाले, आणि आवाजात थोडी जान आली.

एवढ्यात बाई बूट घ्यायला आल्या. काका उठून उभे राहिले, हात बाजूला, शाळेतल्यासारखे. काकू आरसा पोटाशी धरून तिथंच थबकल्या.

"दिवे बसणारच, काका," बाई म्हणाल्या. "दुपारी लागतील, ढगाळ दिवशी लागतील. वयस्कर माणसं आत ठेचकाळतात."

"बरोबर आहे," काका म्हणाले.

"पण दिवा लावला की सगळं छत एकदम दिसणार. मी मघाशी दहा मिनिटं टॉर्च मारून इंचन्‌इंच बघितलंय, आणि तो झोपलेला मला दिसला नव्हता. तुम्ही दाखवलात तेव्हा दिसला." त्यांनी वही उघडली आणि लिहिता लिहिता मोठ्यानं वाचलं. "सकाळी साडेदहा ते साडेबारा दिवे बंद ठेवावेत. आरसा चालू ठेवावा."

भोंग्यानं टाळी वाजवली, मग स्वतःच दचकून हात मागे घेतले.

"ती फरशी अर्धं पाऊल सरकलीय म्हणतात हे गाईड, ती तेवढी मूळ जागी बसवून घेऊ का?" बाईंनी विचारलं. "अर्ध्या दिवसाचं काम."

भोंग्याचं तोंड उतरलं. काकांनी फरशीकडे पाहिलं.

"नको," ते म्हणाले. "आधी कमळ दाखवायचं, डावीकडे सरकून. सगळे गप्प झाले की मग खुणेवर यायचं, झोपाळूवर. गप्प झाल्याशिवाय हसू चांगलं येत नाही. आज बघितलं मी." मग काकूंकडे वळून, "अर्धंच पाऊल ना?"

"अर्धंच."

"आणि कामावर नाव कुणाचं लिहू? तुमचं आहेच," बाई म्हणाल्या.

"हिचंही लिहा," काका म्हणाले. "पहिला खेळ ही करेल. चपला काही पळून जात नाहीत."

"आणि तुम्ही काय करणार?" काकूंनी विचारलं.

शुक्रवारी सकाळी आरसा पुसून काकांनी तो काकूंच्या हातात दिला, स्वतःच्या वहाणा स्वतःच्या हातानं फडताळात ठेवल्या आणि बाहेरगावच्या वीसपंचवीस माणसांच्या घोळक्यात मिसळून आत गेले. भोंग्यानं गर्जना केली, हत्ती फिरले, नर्तकी आल्या, आणि "कमळ" म्हटल्यावर सगळा मंडप चिडीचूप झाला. त्या शांततेत, फळीमागे अर्धं पाऊल उजवीकडे सरकायच्या तयारीत असलेल्या काकूंना, आतून कुणा उंच पाहुण्याच्या पाठीमागून आलेला काकांचा आवाज स्वच्छ ऐकू आला.

"जरा सरकता का बाजूला? मला दिसत नाहीये."